गणपती ते छट: पार्ट लोडच्या सेवेवर किती विसंबावं?

भिवंडीच्या मानकोली-काल्हेर पट्ट्यातून किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमधून वीस-तीस खोकी बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या मालपावतीवर) टाकायची आणि चार-पाच दिवसांनी ती सावंतवाडीला नाहीतर वाशिमला दुकानात उतरवून घ्यायची. पार्ट लोडची, म्हणजे अनेकांचा थोडा-थोडा माल एकाच गाडीत नेण्याची, ही सेवा वर्षातले नऊ महिने पैसा वसूल आहे. प्रश्न उरलेल्या तीन महिन्यांचा. श्रावणाच्या मध्यापासून छटपूजेपर्यंत त्याच ऑफिसात, तोच दर किंवा थोडा चढा दर मोजूनही चार दिवसांचे अकरा कसे होतात ते कळत नाही. हे परीक्षण त्या तीन महिन्यांपुरतंच, आणि एका ट्रान्सपोर्टचं नाही, तर एकूण या सेवेचं.

निकाल आधीच सांगतो. सणाच्या बऱ्याच आधी बुकिंग केलं तर पार्ट लोडला तोड नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत तीच सेवा महाग पडते, कारण दुकानात सणानंतर पोचलेला आकाशकंदील फुकट आणला तरी तोट्याचाच. या दोन्हींच्या मधली तारीख नेमकी कोणती, हे ओळखता आलं की निम्मं नियोजन झालं.

उशीर झाला की आपण रस्त्याला नावं ठेवतो. पण समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूर ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत सलग खुला आहे. ७०१ किलोमीटर, अवजड वाहनाला ताशी ८० ची मर्यादा धरली तरी दोन ड्रायव्हर असलेली गाडी दिवसाभरात पल्ला मारते. पार्ट लोडच्या मालाला मात्र अजूनही दिवस लागतात ते दिवसच. कारण माल रस्त्यावर कमी आणि गोडाऊनमध्ये जास्त असतो. मोजून पाहा: दुकानातून पिकअप टेम्पोत चढला, बुकिंग गोडाऊनला उतरला, लाइनच्या (लांब पल्ल्याच्या) गाडीत चढला, हबला (गावागावांचा माल वेगळा करणाऱ्या मोठ्या गोडाऊनला) उतरला, ब्रँचच्या गाडीत चढला, ब्रँचला उतरला, डिलिव्हरीच्या टेम्पोत चढला, दुकानी उतरला. आठ वेळा हमालाचा हात. सणात गाडीचा वेग तोच राहतो, कमी पडतात ते हे हात. म्हणून कुठल्याही सेवेची परीक्षा करताना 'किती तासांत पोचवता' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, 'मधे किती ठिकाणी उतरवता?' नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरला थेट लाइन असेल तर दोन हाताळण्या वाचतात, आणि सणात हाच फरक तीन-चार दिवसांचा होतो.

दुसरी गोम मालाच्या जातीत आहे. गाडी भरणाऱ्याला खाली वजनी माल आणि वर हलका माल असं मिश्रण लागतं. गणपती-दिवाळीत सगळेच हलका आणि जागा खाणारा माल पाठवतात: माळा, कंदील, मखराचं सामान, खेळणी, रेडिमेड कपडे. गाडी वजनाने अर्धी असतानाच छताला टेकते. मग हबवर सिमेंट-टाइल्सच्या पेट्यांना आधी जागा मिळते आणि तुमची खोकी 'उद्याच्या गाडीत' राहतात. उद्याही तेच. यात कुणी मुद्दाम करत नाही, भाड्याचं गणितच तसं आहे.

ते गणित बिल्टीवर कसं उतरतं तेही बघा. खोक्याची लांबी-रुंदी-उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची, २७,००० ने भागायचं, म्हणजे घनफूट मिळतात. त्याला ट्रान्सपोर्ट ठरवेल त्या आकड्याने, ६, ८ किंवा १० किलोने, गुणतात. ६० × ४५ × ४० चं खोकं म्हणजे ४ घनफूट. आत ११ किलोचा माल असला तरी ८ च्या हिशेबाने ३२ किलोचं आणि १० च्या हिशेबाने ४० किलोचं भाडं लागतं. दर किलोमागे कमी सांगून घनफुटाचा आकडा वाढवण्याची चाल हंगामात सर्रास दिसते. म्हणून दर विचारताना 'एका फुटाला किती किलो धरता' हे त्याच वाक्यात विचारावं आणि कोटेशनवर लिहून घ्यावं. हमाली, वाराई (गाडीपाशी हमालांना द्यावे लागणारे पैसे), डोअर डिलिव्हरी आणि डेमरेज (माल वेळेत न सोडवल्याचा आकार) किती दिवसांनंतर सुरू, हे चार आकडेही सोबत.

आता तारखांकडे. सर्वांत जास्त चूक इथे होते: मागच्या वर्षीचं रजिस्टर उघडून त्याच तारखांना बुकिंग धरणं. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला गेलं. दोन्ही १८ दिवस पुढे. इंग्रजी तारखेने चालणाऱ्याचा माल अडीच आठवडे आधी येऊन गोडाऊन अडवतो. ज्या वर्षी सण अलीकडे सरकतो त्या वर्षी उलटी गत, माल मागे राहतो. पंचांग समोर ठेवून तिथीवरून मागे मोजत या, तारीख शेवटी लिहा.

कोकणासाठी २०२६ चंच उदाहरण घेऊ. चतुर्थी सोमवार १४ सप्टेंबर. दुकानात माल ४ तारखेपर्यंत लागलेला हवा, कारण चाकरमानी यायच्या आधीच गावातली अर्धी खरेदी उरकते. कागदावर चार दिवसांचा प्रवास, म्हणजे ३१ ऑगस्टला टाकला तरी चालेल असं वाटतं. पण त्याच सुमारास काय काय येतं ते पाहा: ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात चंद्रदर्शनानुसार ईद-ए-मिलाद, २८ ला रक्षाबंधन, ३० ला रविवार, ५ सप्टेंबरला दहीहंडी. यातल्या ईदचा भिवंडीतल्या लोडिंगवर थेट परिणाम होतो, राखीला उत्तरेकडचे ड्रायव्हर गाडी लावून गावी जातात, दहीहंडीला ठाणे-मुंबईत दुपारनंतर टेम्पो हलत नाही. सरकारी सुट्ट्यांच्या यादीत यातलं सगळं सापडणार नाही. म्हणून कोकणासाठी पार्ट लोडची शेवटची तारीख आमच्या मते २० ऑगस्ट, फार तर २४. ३१ ऑगस्टनंतर कोकणची बिल्टी फाडणं म्हणजे नवसाला सोडण्यासारखं.

त्यात मुंबई-गोवा महामार्गावरची बंदी. गणपतीच्या तोंडावर, मग गौरी-गणपती विसर्जनानंतरच्या परतीच्या दिवसांत आणि अनंत चतुर्दशीच्या आसपास १६ टन आणि त्यावरच्या वजनक्षमतेच्या ट्रक-ट्रेलरना या रस्त्यावर मनाई करणारी अधिसूचना दरवर्षी निघते. दूध, इंधन, गॅस सिलिंडर, औषधं, भाजीपाला अशा जीवनावश्यक मालाला सूट असते. नेमक्या तारखा आणि तास दरवर्षी बदलतात आणि अधिसूचना तोंडावर येते, त्यामुळे तिची वाट पाहून नियोजन करता येत नाही. चतुर्थीच्या आधीचा पूर्ण आठवडा बंदच आहे असं धरून चालावं. पार्ट लोडवाल्यांच्या लाइनच्या गाड्या बहुधा मोठ्या असतात, म्हणून बंदीत आधी त्याच अडकतात. ट्रान्सपोर्टला स्पष्ट विचारावं: 'त्या आठवड्यात कोकणची लाइन कुठल्या गाडीने चालवता?' 'सतरा फुटी आयशर', म्हणजे बंदीच्या मर्यादेखालची लहान गाडी, असं उत्तर आलं तर बोलणं पुढे न्यावं. पुणे-कोल्हापूरवरून आंबा घाटाने रत्नागिरी किंवा आंबोलीने सावंतवाडी हा वळसा आहे. भिवंडी-रत्नागिरी सरळ साधारण ३४० किलोमीटर, कोल्हापूरमार्गे पाचशेच्या वर. शिवाय दिवस पावसाचे, घाटात दरड आली की तोही मार्ग गेला. वळशाचं जास्तीचं भाडं कोण देणार हे आधी ठरवलं नाही तर 'टू पे' (भाडं माल घेणाऱ्याने द्यायच्या) बिल्टीवर ते माल घेणाऱ्याच्या माथी येतं आणि दुकानदार माल सोडवायला नकार देतो.

दिवाळीचा माल वेगळ्या तालावर चालतो आणि तिथे या सेवेला पैकीच्या पैकी गुण देता येतात, फक्त पितृपंधरवडा साधला पाहिजे. २०२६ मध्ये तो २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. या पंधरा दिवसांत किरकोळ खरेदी थंडावते, हबवर जागा असते, अड्ड्यावर गाड्या उभ्या असतात, भाड्यात घासाघीस चालते. अशुभ म्हणून व्यापारी हात आखडता घेतात, पण बिल्टीला पितर लागत नाहीत. नवी खरेदी या दिवसांत नको असेल तर ऑर्डर अनंत चतुर्दशीपूर्वी नोंदवा आणि फक्त पाठवणी पंधरवड्यात करा. ११ ऑक्टोबरला घटस्थापना झाली की बाजार एका रात्रीत तापतो. २० तारखेच्या दसऱ्याला ड्रायव्हर गाडी धुऊन पूजा करतो, त्या दिवशी लोडिंग धरूच नये. आडगावांसाठी १७ ऑक्टोबर ही शेवटची तारीख, थेट लाइन असलेल्या शहरांसाठी २७. त्यानंतर ६ नोव्हेंबरच्या धनत्रयोदशीपर्यंत पार्ट लोडवर फक्त असा माल टाकावा जो दिवाळीनंतरही विकला जाईल.

साप्ताहिक सुट्ट्यांची गंमत वेगळीच. भोसरी-चाकणची एमआयडीसी गुरुवारी बंद, भिवंडीचे यंत्रमाग शुक्रवारी, बाकी बाजार रविवारी किंवा आपापल्या वारी. काही ठिकाणी अमावास्येलाही काम होत नाही. पाठवणाऱ्याची सुट्टी, हबची सुट्टी आणि घेणाऱ्या गावाची सुट्टी अशा तिन्ही एका ओळीत आल्या की सणाशिवायच तीन दिवस जातात.

कागदपत्रांत या सेवेचा सर्वांत कच्चा दुवा म्हणजे ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद. राज्यातल्या राज्यात १ लाखाच्या वर, गोव्यासारख्या परराज्यात ५० हजारांच्या वर ते लागतंच. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, आणि हे घड्याळ पार्ट-बीमध्ये (बिलाच्या गाडीच्या तपशिलाच्या भागात) गाडी नंबर पहिल्यांदा भरला की सुरू होतं. भिवंडी-सावंतवाडी पाचशेच्या आत-बाहेर, म्हणजे तीन दिवस. सोमवारी संध्याकाळी भरलं तर गुरुवारी मध्यरात्री संपलं. सुट्टी, बंदी, दहीहंडी यातलं काहीही त्यातून वजा होत नाही. माल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये पडलेला असला तरी कायद्याने तो वाटेतच आहे. मुदत वाढवता येते, पण संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच. वरच्या उदाहरणात गुरुवारी दुपारी ४ ते शुक्रवारी सकाळी ८. आणि ती त्या वेळी माल ज्याच्या ताब्यात आहे त्या ट्रान्सपोर्टरनेच वाढवायची असते. सणाच्या रात्री त्याच्या ऑफिसात कुणी नसतं. संपलेल्या बिलावर गाडी पकडली तर कराच्या दुप्पट दंड. यावर उपाय साधा आहे: पार्ट-ए (मालाचा तपशील) तुम्ही भरा, पार्ट-बी मात्र लाइनची गाडी खरोखर सुटताना भरायला सांगा. दुकान ते ट्रान्सपोर्टचं गोडाऊन राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरच्या आत असेल तर त्या टप्प्यासाठी गाडी नंबराची गरजच नाही. पार्ट-ए भरल्यापासून १५ दिवसांत पार्ट-बी भरलं की झालं. अनेक बुकिंग क्लार्क सवयीने पिकअप टेम्पोचाच नंबर टाकून घड्याळ चालू करतात. तिथेच त्यांना थांबवा.

'अर्धा माल आला' ही हंगामातली दुसरी कायमची तक्रार. वीस नगांतले चौदा पोचतात, सहा हबवर. त्याला पाठवणाराही जबाबदार असतो. प्रत्येक खोक्यावर १/२० ते २०/२० असा नग क्रमांक, बिल्टी नंबर, गाव-तालुका-जिल्हा, पिनकोड आणि घेणाऱ्याचा मोबाइल, दोन बाजूंना जाड मार्करने लिहावा. टेपवर लिहू नये, टेप निघते. नुसतं 'कळंब' लिहिलं तर माल धाराशिवला जायचा की यवतमाळला, हे हमालाने ठरवायचं का? जिल्ह्यांची नावं बदलली तरी काही ट्रान्सपोर्टच्या संगणकात जुनीच आहेत, म्हणून पिनकोड हाच खरा पत्ता. खोकं पाचपदरी घ्या. हबवर थप्पी सात-सात फूट लागते, तीनपदरी खोकं तळाला गेलं की बसलंच. गणपतीच्या मालाला आतून प्लास्टिकची पिशवी हवी, ताडपत्री कितीही नवी असली तरी. फटाके, थिनर, स्प्रे यांना पार्ट लोडमध्ये जागा नाही. 'रंगाचं सामान' असं मोघम लिहून ते घुसवू नये.

नुकसान झालं तर? वाहतूकदाराची जबाबदारी, मालाची जास्त किंमत जाहीर करून तसा जादा आकार भरलेला नसेल तर, भाड्याच्या दहापट रकमेपर्यंतच. ९०० रुपये भाडं दिलंय तर ९,०००, खोक्यात लाखाचा माल असला तरी. दाव्याआधीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते. पोच पावतीवर सही करण्याआधी तिच्यावरच 'दोन नग कमी, एक भिजलेला' असं लिहा. कोरी सही केली की पुढचं सगळं भांडण तोंडी. ट्रान्झिट विमा काढाच, पण त्यात फुटणं-भिजणं-चोरी येतं, उशीर येत नाही. सण हुकल्याची भरपाई कुठलीच पॉलिसी देत नाही.

पार्ट लोड सोडायचं ठरलं तर सर्वांत चांगला पर्याय म्हणजे शेजाऱ्यांसोबत पूर्ण गाडी. चौदा फुटी आयशर साधारण साडेतीन-चार टन घेते. १४ × ६ × ६ फूट हौदा म्हणजे सुमारे ५०० घनफूट, वरच्या मापाची ११० च्या आसपास खोकी. एकाच मार्गावरच्या तिघांनी मिळून ती घेतली तर आठ हाताळण्यांच्या दोन होतात आणि ती गणपतीच्या बंदीतही बसत नाही. कुडाळचा माल आधी भरा, चिपळूणचा शेवटी, म्हणजे वाटेत उतरवताना उलथापालथ नको. प्रत्येकाचं ई-वे बिल वेगळं, गाडी नंबर तोच. हंगामात पूर्ण भाडं आगाऊ मागतात. थोडी रक्कम पोच आल्यावर देण्यावर अडून बसा, आणि गाडी पोचल्यावर किती तासांनी हॉल्टिंग लागेल ते ठरवा. गावात हमाल मिळत नाही म्हणून गाडी रात्रभर उभी राहिली तर ते पैसे तुमचे.

एक्सप्रेस कार्गोचं ट्रॅकिंग झकास, पण तालुक्याच्या बाहेर गेलं की 'डिलिव्हरी क्षेत्राबाहेर' म्हणून जादा आकार आणि आठवड्यातून ठरावीक वारीच फेरी. शहरासाठी उत्तम, दापोली-गुहागरच्या आतल्या गावांसाठी पैशाची नासाडी. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून दोन-चार पार्सलं सणाच्या आठवड्यात जातात असं लोक सांगतात. त्याच आठवड्यात डिकी प्रवाशांच्या सामानाने भरलेली असते, हातात बिल्टी नसते आणि माल हरवला तर दाद मागायला कागदच नाही. कोकण रेल्वेची ट्रक वाहून नेणारी रो-रो १९९९ पासून आहे, कोलाड ते वेर्णा. गोव्याच्या पूर्ण गाडीसाठी ती विचारात घ्यावी, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या दुकानदाराला तिचा उपयोग नाही. शिवाय गणपतीत त्याच रुळांवर जादा प्रवासी गाड्यांची रांग असते.

भाड्याच्या बाबतीत एक गोष्ट पार्ट लोडवाले स्वतःहून सांगणार नाहीत: रिकामी परतणारी गाडी. ऑगस्टच्या शेवटी कोकणात खाली उतरणाऱ्या गाड्या भरलेल्या, वर येणाऱ्या रिकाम्या. कोकम, आगळ, काजूगर मुंबईला पाठवणाऱ्याने हेच दिवस धरावेत, दर बऱ्यापैकी उतरतो. एप्रिल-मेमध्ये उलट. हापूस वाशीला उतरवून देवगड-रत्नागिरीला परतणारी गाडी मिळेल त्या भाड्यात माल घेते. गणपतीचं न नासणारं सामान, निरंजनं, समया, प्लायवूडचे मखर, मेमध्येच कोकणात उतरवून ठेवणारे व्यापारी त्यामुळे फायद्यात राहतात.

भाऊबीज झाली की सगळं सुरळीत होईल या भ्रमात राहू नये. २०२६ मध्ये छट १५ नोव्हेंबरला आहे, बिहार-पूर्वांचलचे ड्रायव्हर आणि हमाल त्यानंतरच परततात. तोवर उसाचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो, ट्रक-ट्रॅक्टर कारखान्यांना लागलेले, मराठवाड्यातली माणसं तोडीला गेलेली, बाजार समित्यांत सोयाबीन-कापसाची आवक. लातूर, परभणी, बीडकडच्या बिल्टीला २० नोव्हेंबरपर्यंत नेहमीच्या मुदतीत तीन-चार दिवस वाढवूनच गिऱ्हाइकाला शब्द द्यावा. उरलेला दिवाळीचा माल परत मागवायचा असेल तर तोही त्यानंतरच, तेव्हा हबवर जागाही असते आणि मोजून घ्यायला माणूसही.